डोकेदुखीची तपासलेली वही

सरळच सांगते, नाहीतर पुन्हा सारवासारव करीन. माझी मुलगी दहा वर्षांची असताना डॉक्टरांनी तिला एक वही लिहायला सांगितली होती. डोकं कधी दुखलं, किती दुखलं, त्याआधी काय झालं, गोळी घेतली का, एवढंच लिहायचं. तिने लिहिली. मी ती लाल पेनाने तपासली, चुका काढल्या, तिच्याकडून फेअर कॉपी करून घेतली आणि ती फेअर कॉपी डॉक्टरांना पाठवली. आजही कुणी सहज "मुलगी कशी आहे?" विचारलं तरी मला आधी ती वही आठवते आणि माझे कान गरम होतात.

मी डोंबिवलीत, पश्चिमेला कोपरच्या बाजूला, घरच्या घरी क्लास घेते. तिसरी ते सातवी सगळे विषय, आणि पाचवीची स्कॉलरशिप. हॉलमधला सोफा भिंतीला सरकवून सतरंजी घातली की पंधरा पोरं मावतात. आमच्या भागात माझं नाव आहे, म्हणजे 'बाई कडक आहेत, पण पोरगं सुधारतं' असं नाव. आणि त्या 'कडक'चा मला माज होता, खोटं कशाला बोलू! वह्या तपासायचं तर मला व्यसनच. वाण्याची यादी हातात आली तरी मी त्यात काहीतरी दुरुस्त करायचे. नवरा म्हणायचा, "अगं, यादी आहे ती, सहामाहीचा पेपर नाही."

मुलगी पाचवीत गेली आणि जूनपासून माझ्याच स्कॉलरशिपच्या बॅचला बसायला लागली. दुसऱ्या कुणाकडे पाठवायचा प्रश्नच नव्हता, लोक काय म्हणाले असते? शाळेतून यायची, कधी जेवायची, कधी नुसताच घास-दोन घास, आणि चारला सतरंजीवर हजर. स्वतःच्या मुलीचे लाड करते असं कुणी म्हणू नये म्हणून मी तिला इतरांच्या दुप्पट बोलायचे. दुसऱ्या कुणाचं गणित चुकलं तर "परत कर." तिचं चुकलं की "बघा रे, टीचरची मुलगी आणि हे उत्तर!" पोरं हसायची. मीही हसायचे. बॅचमध्ये थोडी मजा नको का, असं मला वाटायचं.

जुलैत तिचं डोकं दुखायला लागलं. कपाळाची एक बाजू दाबून बसायची, पंखा बंद कर म्हणायची, पडदा ओढ म्हणायची. कधी कधी उलटी. आधी वाटलं चष्मा लागला. डोळे तपासून आणले, नंबर नाही. मग वाटलं नाटकं करतेय. हो, वाटलं! बॅचची वेळ आली की दुखतं, म्हणजे नाटकंच, दुसरं काय? आता उलटीचं नाटक कोण करेल, हे मी सोयीस्करपणे विसरायचे. घरात तापाची गोळी असायचीच. दुखलं की एक द्यायची, वीस मिनिटं पडू द्यायचं, की मॅडम पुन्हा सतरंजीवर. पुढे पुढे तर मी साडेतीनलाच गोळी हातावर ठेवायला लागले, दुखायच्या आधीच. आपण काय शक्कल काढली, असंही मनात यायचं.

शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ठाण्यातल्या एका हॉस्पिटलची चिठ्ठी दिली, मुलांच्या मेंदूच्या आजारांच्या डॉक्टरांसाठी. नवऱ्याने सुट्टी टाकली, गाडी केली आणि शीळफाट्याला अडकलो ते अडकलोच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, वरून ऊन, आणि सगळ्यांचे हात हॉर्नवर. मुलीने दोनदा पिशवीत उलटी केली. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा ती डोळे मिटून बाबांच्या खांद्यावर होती.

डॉक्टरबाई माझ्याहून लहान होत्या, आणि शांत. त्यांनी तिच्या डोळ्यांत उजेड टाकून बघितलं, गुडघ्यावर हातोडी मारली, रेषेवरून चालायला लावलं. सगळं ठीक. "मायग्रेन वाटतंय," त्या म्हणाल्या, "मुलांनाही होतं. पण दर वेळी हिला एवढा प्रवास करायला लावू नका, त्यानेच दुखेल. पुढच्या भेटी आपण व्हिडिओवर करू. दर पंधरा दिवसांनी."

मला तर बरंच वाटलं, बॅच बुडणार नव्हती. पण बाईंनी एक अट घातली. म्हणाल्या, "मम्मी, डोकेदुखी कुठल्या मशीनवर दिसत नाही. आणि व्हिडिओवर तर मी हातही लावू शकणार नाही. ही जे सांगेल त्यावरच माझं औषध ठरणार. म्हणून वही हिनेच लिहायची, हिच्या शब्दांत." शून्य म्हणजे दुखत नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही, असे आकडे तिला शिकवले. मी मान डोलावली. मान डोलवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

पंधरा दिवसांनी, व्हिडिओच्या आदल्या दिवशी, मी वही मागितली. ती लगेच देईना. "आई, ही डॉक्टरांची आहे," म्हणाली. मी म्हटलं, "आण इकडे, चुका बघू दे."

अजून पाठ आहेत मला ती पानं. 'सोमवार. उशीर झाला म्हणून जेवले नाही. आईने गोळी दिली. बॅचमध्ये आई म्हणाली टीचरची मुलगी आणि हे उत्तर. सगळे हसले. मग दुखलं. आठ.' 'मंगळवार. गोळी घेतली तरी दुखलं. आईला सांगितलं नाही. सहा.' 'रविवार. बॅच नव्हती. शून्य.' असं पानामागून पान.

कुठल्याही आईचं काळीज चर्र झालं असतं. मला पहिलं काय दिसलं सांगू? समास सोडलेला नाही! पेन हातातच होतं. 'समास सोडणे.' 'सगळे हसले' याला कंस करून वर 'अनावश्यक'. आठवर काट मारून 'एवढे नाही'. 'कारण चुकीचे, पुन्हा लिही.' मंगळवारच्या 'आईला सांगितलं नाही' या वाक्याखाली मी लाल रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, 'का?' आणि पान संपलं तिथे, सवयीने, 'तपासले' आणि माझी सही. त्या 'का?'चं उत्तर तिने लिहिलं नाही, आणि मीही तोंडाने विचारलं नाही.

मग नवी वही काढली आणि मी सांगत गेले, ती लिहीत गेली. 'दुपारी ऊन होते. डोके दुखले. चार.' 'शाळेत आवाज होता. डोके दुखले. तीन.' पंधरा दिवसांत गोळ्या तीन. खऱ्या बारा होत्या. म्हटलं, चणे-फुटाण्यासारख्या गोळ्या चारते असं बाईंना वाटायला नको. आणि घरातलं बाहेरच्या माणसाला कशाला दाखवायचं? मी त्याला खोटं म्हणतच नव्हते, मी त्याला नीटनेटकं म्हणत होते. मुलीने एकदाच मान वर केली. "पण रविवारी दुखलं नाही, तेपण काढायचं?" मी म्हटलं, "मध्येमध्ये बोलू नकोस, अक्षर बिघडतं."

पहिला व्हिडिओ कॉल हॉलमध्ये, सोफ्यावर, मी तिला चिकटून. बाई तिला विचारायच्या, "काय होतं गं बाळ?" आणि मी, "तिला ना मॅडम, उन्हाचा त्रास होतो." "शाळेत बरं वाटतं?" "शाळेत आवाज फार असतो ना मॅडम." बाई वहीचा फोटो बघत होत्या. म्हणाल्या, दुखणं जवळजवळ रोजचं आहे आणि गोळ्या तर फारच कमी दिसतायत, मग रोजचं एक औषध सुरू करू, दुखणं येऊच नये म्हणून. सुरू केलं. पंधरा दिवसांनी दुसरी फेअर कॉपी, दुसरा कॉल, फरक नाही. बाईंनी डोस वाढवला.

डोस वाढला तशी पोर पेंगायला लागली. सकाळी उठवता उठवेना. शाळेतून टीचरची चिठ्ठी आली की बाकावर झोपते. एकदा माझ्यासमोर सतरंजीवर बसल्या बसल्या तिची मान खाली पडली, आणि मी फूटपट्टी फरशीवर आपटली. ती दचकून उठली आणि पहिलं काय केलं असेल तर वहीत समास आखला. एवढं होऊनही दुखणं होतंच. बाईंनी मेसेज पाठवला: पुढच्या वेळीही असंच असेल तर ॲडमिट करून डोक्याचा एमआरआय करावा लागेल. मुलीने तो वाचला. "आई, त्या मशीनमध्ये मला एकटीलाच घालणार?"

तेव्हा मला कळलं होतं. कळलं होतं हे इथे कबूल करते, कारण नवऱ्यालाही मी नंतर 'मला काय माहीत' असंच सांगितलं. खोट्या वहीवर माझ्या मुलीला औषध चाललंय, आणि आता त्याच वहीवर तिला मशीनमध्ये घालणार, हे मला चांगलं कळलं होतं. पण आता सांगायचं कसं? दोन फेअर कॉप्या पाठवून झाल्या होत्या.

तिसऱ्या कॉलला बाई म्हणाल्या, "मम्मी, आज तुम्ही शेजारी बसू नका. तिला एकटीला बोलू दे." हॉलमध्ये पोरं यायला लागली होती म्हणून आम्ही बेडरूममध्ये गेलो. मुलगी पलंगावर, समोर स्टुलावर फोन, आणि फोनच्या मागे मी उभी. बाईंनी विचारलं, "या पंधरा दिवसांत गोळ्या किती घेतल्यास?" मुलीने माझ्याकडे बघितलं. मी फोनच्या मागून तीन बोटं दाखवली. तिने मान खाली घातली. मी डोळे मोठे केले आणि तीन बोटं पुन्हा नाचवली.

बाई स्क्रीनजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "मम्मी, तिच्या मागे कपाटाला आरसा आहे. तुम्ही त्यात दिसताय."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी समोर बघितलं तर खरंच आरशात एक बाई उभी. ओढणी खोचलेली, डोळे वटारलेले, तीन बोटं अजून वर. रोज पंधरा पोरं मला कशी बघत असतील ते मी त्या दिवशी बघितलं. हात खाली घ्यायचं भानही मला थोड्या वेळाने आलं.

बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "मला फक्त खरं हवंय. मी तिचं औषध वाढवलंय. मला भीती वाटतेय."

मी काही बोलायच्या आत मुलगी पलंगावरून उतरली, दप्तर ओढलं, आणि तळाशी भूगोलाच्या वहीत घातलेली ती पहिली वही काढली. मी तिला ती फाडून टाकायला सांगितलं होतं. तिने एकेक पान फोनसमोर धरलं. बाई वाचायला लागल्या, मोठ्याने, अडखळत, कारण पान हलत होतं. 'सगळे हसले. मग दुखलं.' 'आईला सांगितलं नाही.' 'बॅच नव्हती. शून्य.' मध्येच थांबल्या. "बाळ, हे लाल काय आहे?"

"आईने तपासलंय," मुलगी म्हणाली. तक्रारीचा सूर नाही, काही नाही. शाळेच्या वहीबद्दल सांगावं तसं.

बाहेर हॉलमध्ये पोरं दंगा करत होती आणि कुणीतरी "टीचर आल्या, टीचर आल्या" म्हणून उगाच घाबरवत होतं. मी खाली फरशीवर बसले. गोळ्या किती ते सांगितलं. साडेतीनची गोळी सांगितली. जेवणाचं सांगितलं. बोलताना माझी मलाच शिसारी येत होती. बाईंनी मला एका शब्दाने झापलं नाही. झापलं असतं तर बरं झालं असतं, मी उलट चार शब्द बोलून मोकळी झाले असते. त्यांनी फक्त समजावलं. दुखण्याची गोळी इतके दिवस, इतक्या वेळा घेतली की ती गोळीच दुखणं धरून ठेवते. ती बंद करायची. रोजचं औषध त्या सांगतील तसं हळूहळू कमी करायचं. जेवण वेळेवर, पाणी, झोप. पहिले आठ-दहा दिवस जास्त दुखेल, घाबरायचं नाही, मेसेज करायचा. एमआरआय सध्या नको. "आणि बॅच बंद," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "हो मॅडम, सध्या बंद."

ते आठ दिवस कुणी परत दिले तरी मला नकोत. ती पडदे ओढून, कपाळावर ओला रुमाल ठेवून आत पडलेली आणि बाहेर मी हळू आवाजात शिकवतेय. पोरांना वाटलं टीचरचा घसा बसलाय. मधूनमधून आत जाऊन तिच्याजवळ बसायचे, पाय चेपायचे. ती भिंतीकडे तोंड करायची. मी पाय चेपत राहायचे. नवऱ्याला मी वही दाखवली तेव्हा त्याने सगळी पानं बघितली, वही मिटली आणि म्हणाला, "ते 'का?' विचारलंस ना, त्याचं उत्तर तुला आलं का आता?" एवढंच बोलून तो चहा टाकायला गेला.

मग नवी वही आली. ती मी बघायची नाही, असं ठरलं. फोटोही तीच काढून पाठवायची. कॉलच्या वेळी मी बेडरूमचं दार उघडं ठेवून स्वयंपाकघरात जायचे आणि काही ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडून भांडी घासायचे. घासलेलीच परत घासायचे. औषध कमी होत गेलं, पेंगणं गेलं, पोर जेवायला लागली. दिवाळी झाली. मी रोज विचारायचे, "आज कसं आहे गं?" ती म्हणायची, "थोडं दुखतं." मी म्हणायचे, "बरं," आणि मनात स्वतःला चार शिव्या घालायचे. इतके महिने माझ्यामुळे दुखलंय, इतक्यात कसं थांबेल?

डिसेंबरात एका कॉलला बाईंनी आतून हाक मारली. "मम्मी, जरा या. हिला तुम्हाला काही सांगायचंय. मी आहे फोनवर."

मी हात पुसत गेले. मुलगी चादरीचा काठ बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "आई, माझं आता दुखत नाही."

"म्हणजे आज?"

"नाही. खूप दिवस. महिना झाला."

"अगं, मग मला रोज थोडं दुखतं, थोडं दुखतं कशाला सांगतेस?"

ती फोनकडे बघून म्हणाली, "बरं वाटतंय सांगितलं की तू परत बॅचला बसवशील."

मी म्हणायला तोंड उघडलं, छे गं, असं कसं वाटलं तुला! पण ते खोटं झालं असतं. कारण तिने 'दुखत नाही' म्हटलं त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं होतं ते मला माहीत होतं. परीक्षेला दोन महिने आहेत, सोमवारपासून बसवली तर भूमिती होऊन जाईल. हे आलं होतं. आनंद त्याच्या मागून आला. म्हणजे आनंद झाला, खूप झाला, पण मागून. एवढं सगळं होऊन, एवढी भांडी घासून, मी तीच. आणि दहा वर्षांच्या पोरीने ते माझ्याआधी ओळखलं होतं.

"नाही बसवणार," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की गं. शप्पथ."

तिचं समाधान झालं नाही. तिने फोन उचलला, माझ्याकडे वळवला आणि नीट धरला, माझा चेहरा पूर्ण दिसेल असा. "डॉक्टरांना सांग."

मी वर्गात पाढा म्हणायला उभ्या केलेल्या पोरासारखी म्हणाले, "मॅडम, मी हिला बॅचला बसवणार नाही."

"स्कॉलरशिपलापण," फोनमागून आवाज आला.

"स्कॉलरशिपलापण नाही. तिला स्वतःला वाटलं तरच."

बाईंनी मान हलवली. मुलीने फोन परत आपल्याकडे वळवला. "लिहिलंत?"

"लिहिते," बाई म्हणाल्या. टाइप केल्याचा आवाज येईपर्यंत ती थांबली, आणि मगच तिने फोन बंद केला.